खरखरीच्या खालचा आवाज

तन्वी, ओजस,

ओजसने परवा दोन रेडिओंची चित्रं पाठवली आणि खाली विचारलं, "आजी, घरी ठेवायला यातला कुठला घेऊ? तुझ्याकडे आहे ना तसा?" तिकडे कॅनडात त्याच्या घरापासून पुढचं घर मैलभर लांब आहे, हिवाळ्यात रस्ते बंद होतात आणि आसपासची माणसं अजून सीबी रेडिओवर, म्हणजे दोन्हीकडून बोलता येणाऱ्या बिनतारी सेटवर, एकमेकांची खबर घेतात, असं त्याने लिहिलं आहे. उत्तर एका ओळीत देता आलं असतं. मी ती ओळ लिहिलीही, आणि पुसून टाकली. त्याचा निरोप आला त्या सकाळी इथे चैताचा वारा सुटला होता. असाच वारा असताना आम्ही आपला सेट निवडला. त्या चैताबद्दल मी तुम्हा दोघांना कधी नीट सांगितलेलं नाही. तुमच्या बाबांना अर्धं ठाऊक आहे. उरलेलं अर्धं माझ्याकडे आहे.

मराठीत लिहिते आहे. आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलं, तेव्हा इंग्रजीत लिहिणं मला जड नाही आणि तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण ही हकीकत मराठीतच लिहायला हवी, का ते शेवटी कळेल. अडलात तर बाबांकडून वाचून घ्या.

चैत म्हणजे इथे झाशीत वास आधी येतो. कापलेल्या गव्हाचा कोरडा, थोडासा भाजल्यासारखा वास. मग भुशाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. पोटं फुगवून त्या खंडेराव गेटाजवळून जातात आणि दोन्हीकडच्या भिंतींना थोडा थोडा भुसा लावून जातात. तो आपल्या पायऱ्यांवर येतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर येतो, दुपारी दार उघडलं तर पोळीच्या डब्यावरही येतो. कडुनिंबाला तांबूस पालवी असते. गाडीवर हरभऱ्याचे भाजलेले घाटे मिळतात, त्यांना इथे होरा म्हणतात. खाऊन बोटं काळी होतात आणि मग त्याच बोटांनी लोक चष्मे पुसतात. तुमच्या आजोबांचा, आबांचा, चष्मा चैतभर काळाच असायचा.

आबांचं मन या दिवसांत घरात राहत नसे. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं कारकुनी केली, पण चैत आला की ते शेतकरी होत. आपली पंधरा बिघे जमीन गरौठ्याच्या रस्त्याला, शहरापासून सोळा किलोमीटरवर. पूर्वजांपैकी कुणी गुरसरायच्या जहागिरीत लिहिण्यावाचण्याचं काम करत होते, त्यांच्याकडून उतरत उतरत आलेला हा तुकडा. कसतो रामसेवक, अर्ध्या वाट्याने. तो आबांना कक्काजू म्हणतो आणि मला बाईसाब. गहू उभा असला की आबा तिथे जाऊन पंधरा दिवस राहत. विहिरीजवळच्या खोलीत खाट, कोपऱ्यात चूल, भिंतीवर तुम्हा दोघांचा फोटो.

त्या वर्षी मी जाऊ देणार नव्हते. आदल्या दिवाळीनंतर त्यांच्या हृदयाने एकदा चांगलंच घाबरवलं होतं. शेत खोलगटात आहे, मोबाइल लागत नाही. बाजूच्या टेकडीवर चढलं तर दोन रेघा येतात, आणि टेकडी चढायला डॉक्टरांनी मनाई केली होती. मी म्हटलं, दिवसातून दोनदा तुमचा आवाज माझ्या कानावर पडणार असेल तर जा, नाहीतर कटाई रामसेवक करील. मला बातमी नको होती, आवाज हवा होता. इतक्या वर्षांत मी एवढं शिकले होते की ते "बरा आहे" कुठल्या आवाजात म्हणतात त्यावरून ते खरोखर बरे आहेत का ते कळतं.

"आवाज म्हणतेस," ते म्हणाले. "मग शिंद्यांना विचारू."

शिंदे म्हणजे निवृत्त हवालदार शिंदे. मूळचे साताऱ्याकडचे, सैन्यात बिनतारी संदेशांचं काम केलेले. शेवटची नेमणूक इथून जवळच, बबीन्याच्या छावणीत होती. नंतर झाशीतच घर बांधलं, शहराच्या पूर्वेच्या टोकाला, उंचवट्यावर. छतावर कपड्यांपेक्षा तारा जास्त. त्यांनी सांगितलं की सीबी रेडिओला, सत्तावीस मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, पाच वॅटपर्यंत परवाना लागत नाही. शेतावर ट्रॅक्टरच्या सुट्या बॅटरीवर चालणारा छोटा सेट ठेवायचा, घरी मोठा, म्हणजे बेस सेट. छोट्या सेटचं काही निवडायचं नव्हतं, तो त्यांच्याकडेच पडून होता. निवडायचा होता घरचा. त्यांनी ओळखीतून दोन मिळवले आणि आठ दिवस वापरून पाहायला आमच्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवले.

तुम्हाला माझी सवय माहीत आहे. मी रेघांच्या कागदावर तक्ता आखला. दोन्ही सेटांची नावं वर, आणि डाव्या बाजूला काय काय तपासायचं ते. वीज कुठून घेतो, स्पीकर कुठल्या बाजूला आहे, बटणांवरची अक्षरं चष्म्याशिवाय दिसतात का, माइक हातात धरावा लागतो की टेबलावर उभा राहतो.

आबा मागून वाकून पाहत होते. "हे काय, प्रश्नपत्रिका?"

"तुलनेचा तक्ता आहे."

"आणि नापास कोण करणार?"

"मी."

"शिंदे, ऐकलंत? म्हणून मी शेतावर पळतो."

पहिला सेट काळा, चपटा, ट्रकमध्ये बसवतात तसला. त्याला विजेसाठी वेगळा डबा जोडावा लागायचा. स्पीकर पोटाखाली, त्यामुळे आवाज टेबलाशी बोलल्यासारखा. खरखर थांबवायला एक गोल बटण होतं, पण ते जरा सैल सोडलं की कढईत भजी सोडल्यासारखा आवाज खोलीभर व्हायचा. दुसरा सेट भारदस्त. समोर स्पीकर, पिवळ्या उजेडातली सुईची तबकडी, टेबलावर उभा राहणारा माइक, वीज थेट भिंतीतून. आणि त्याला एक चौकोनी बटण होतं. ते दाबलं की खरखर पूर्ण बंद. कुणी बोललं की आवाज आपोआप उघडायचा, बोलणं संपलं की आपोआप मिटायचा. मी ते दाबलं आणि खोली अशी गप्प झाली जशा मी वर्गात शिरल्यावर मुली गप्प होत. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

शिंद्यांना नाही वाटलं. "वहिनी, एक ध्यानात धरा. बोलायला दोन्ही सारखेच, पाच वॅट म्हंजे पाच वॅट. घरचा सेट घ्यायचा तो ऐकण्यासाठी. शेतावरनं आवाज बारीकच येणार. हे चौकोनी बटण हाय ना, ते स्वतःच्या अकलेनं दार लावतंय. जो मोठ्यानं हाक मारील त्याला आत घेतंय, बारीक आवाजवाल्याला म्हणतंय नंतर या."

"पण बाकीचा वेळ शांत असतं."

"असतं की. पहाऱ्यावर आम्ही त्या शांततेलाच भ्यायचो."

मी म्हटलं की मी पहाऱ्यावर नाही, माझ्या स्वयंपाकघराशेजारी बसणार आहे. शिंदे हसले आणि आबांकडे पाहिलं. आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दुसराच घेऊ," ते म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ त्याच्यासमोर ही बसणार, मी नाही. खरखरीने हिचं डोकं दुखतं. मी मोठ्याने बोलेन."

ते वाक्य मी त्या वेळी नीट ऐकलंसुद्धा नाही. तक्त्यावर दुसऱ्या सेटाच्या नावाखाली बरोबरची खूण करत होते.

छतावर अठरा फुटी पाइप उभा केला आणि त्यावर अँटेना चढवली. दोनच दिवसांनी पाडवा आला. आपल्या गल्लीत मराठी घरं आता दोन. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, ये लोटा उल्टा क्यों टाँगते हैं. त्या वर्षी आबांना वाटलं, एवढा उंच खांब असताना बांबू कशाला शोधायचा. त्यांनी अँटेनालाच गुढी बांधली. जरीचा खण, कडुनिंबाचा डहाळा, साखरेच्या गाठी इथे मिळत नाहीत म्हणून बताशांची माळ, आणि टोकावर पालथा तांब्या. शेजारच्या मिश्राइन छतावरून म्हणाल्या, "आंटीजी, इस बार तो आपकी गुड़िया पूरे मोहल्ले से ऊपर निकल गई." आबा दिवसभर ऐटीत होते.

अकरा वाजता शिंद्यांचा फोन. "वहिनी, सेट मेला का काय? तुमच्याकडनं काहीच येत नाही." अर्ध्या तासात ते स्कूटरवरून आले, छतावर गेले, वर पाहिलं आणि पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले. हसून हसून त्यांना बोलता येईना.

"साहेब, अँटेनाला टोपी घातलीत की हो."

"काढायची?" मी विचारलं.

"सूर्यास्ताच्या आधी गुढी उतरवत नाहीत," आबा म्हणाले.

"मग आज रेडिओ देवाच्या ताब्यात," शिंदे म्हणाले आणि खाली येऊन श्रीखंड-पुरी जेवून गेले. संध्याकाळी हळदकुंकू वाहून गुढी उतरली, आणि तिन्हीसांजेला शिंद्यांचा आवाज त्या भारदस्त सेटातून खणखणीत आला. सुई उजवीकडे गेली. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही सेट त्यांनीच बनवला होता.

तिसऱ्या दिवशी ते शेतावर गेले.

नियम मी ठरवले. सकाळी सात, संध्याकाळी सहा. आधी शेताने हाक मारायची, मग घराने उत्तर द्यायचं, दोघांनी एकदम बोलायचं नाही. मी एक वही केली, तारीख, वेळ आणि काय बोलणं झालं ते. आबा "घर, घर, मी शेत बोलतोय" म्हणत आणि मी "शेत, घर ऐकतंय" म्हणे. सीबीवर एकजण बोलत असेल तर दुसऱ्याला बोलताच येत नाही. बटण दाबलं की तुमचे कान बंद. आम्ही त्रेचाळीस वर्षं एकमेकांची वाक्यं तोडत आलो होतो. त्यांचं अर्धं वाक्य मी पूर्ण करायची, माझं ते करायचे, बहुधा चुकीचं. आता पहिल्यांदा ते संपवेपर्यंत मला थांबावं लागत होतं, आणि मला कळलं की माझी कल्पना होती तिथे त्यांची वाक्यं संपतच नाहीत. मी "गहू कसा आहे" विचारावं तर ते सांगत गव्हाबद्दल, मग पहाटे विहिरीवर आलेल्या मोराबद्दल, मग म्हणत की मोर आला तेव्हा तू असायला हवी होतीस. घरी हे शेवटचं वाक्य मी कधी येऊच दिलं नसतं. मोराशीच "बरं, पुढे" म्हटलं असतं.

सगळा पट्टा ऐकत असतो, हेही विसरून चालत नसे. मराठीत बोललं की खाजगी, असं आबांना वाटे. पण शिंदे पूर्वेच्या टोकाला कान लावून बसलेले.

"गोळी घेतली? ओव्हर."

"घेतली. ओव्हर."

"कुठली? ओव्हर."

"पांढरी. ओव्हर."

"सकाळची पांढरी नसते. ओव्हर."

मग तिसराच आवाज. "साहेब, पकडले गेलात. ओव्हर."

आठव्या-नवव्या दिवसापासून आबांचा आवाज तुटायला लागला. शब्दाचं डोकं यायचं, शेपूट मिटायची. मी वर्गात म्हणायची तसं म्हटलं, "स्पष्ट बोला." ते म्हणाले, "ओरडतोय गं, आणखी किती." शिंदे म्हणाले, शेतावरची बॅटरी उतरलीय, शहरात आणून भरून घ्या. ऐकायला बॅटरी फारशी लागत नाही, बोलायला लागते. म्हणजे आबांना माझा आवाज चांगला जात होता, मला त्यांचा अर्धा येत होता. रामसेवकचा ट्रॅक्टर थ्रेशरला जुंपलेला, तो मोकळा झाला की बॅटरी आणू, असं ठरलं. दोन दिवसांचा प्रश्न होता.

अकराव्या संध्याकाळी मी सहाला बसले. वही उघडी, पेन हातात. सेट चालू, तबकडी पिवळी, चौकोनी बटण दाबलेलं. सहा वाजले. आवाज नाही. मी लिहिलं, "६.०० नाही." आधी शेताने हाक मारायची, हा माझा नियम, म्हणून मी हाक मारली नाही. सहा-दहा झाले. "६.१० नाही." त्या दिवशी मळणी संपणार होती, ते खळ्यावर गप्पा मारत बसले असणार, असं मला वाटलं. मी तूर निवडायला घेतली. तुम्हाला खरं सांगायचं ठरवलं आहे, तेव्हा हेही सांगते की मला काळजी वाटत नव्हती. मी रागावले होते. खोली स्वच्छ, शांत होती, आणि एवढ्या शांततेत कुणी बोलत असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

सहा-वीसला फोन वाजला. शिंदे धापा टाकत होते, नुकतेच बाहेरून आले होते. "वहिनी, साहेब बोलतायत. तुम्ही उत्तर का देत नाही?"

"सेट चालू आहे. काहीच आवाज नाही."

"ते बटण काढा. चौकोनी. आधी ते काढा."

मी बटण सोडलं. खोली खरखरीने भरली. मी कान स्पीकरला लावला, आणि त्या खरखरीच्या खाली, अगदी तळाशी, आबा होते. दुसऱ्या खोलीत कुणी पांघरुणात तोंड घालून बोलावं तसे. शब्द नव्हते, बोलण्याची लय होती, ती मी कुठेही ओळखली असती. मग लय थांबली आणि मला दोनच शब्द लागले, "आता ठेवतो," आणि त्यामागे "ओव्हर."

मी बटण दाबलं. काय म्हणावं याचा विचार केला नाही. मी म्हटलं, "ऐकलं. सगळं ऐकलं. आता आराम करा. ओव्हर."

मी मुलींना चाळीस वर्षं सांगत आले की जे ऐकलं नाही ते ऐकलं म्हणू नका, पुन्हा विचारा, विचारण्यात लाज नाही. पण वीस मिनिटं ते बोलत होते आणि मी तूर निवडत होते, हे मला त्यांना सांगता येईना. उद्या बॅटरी येईल, परवा ते स्वतः येतील, तेव्हा समोर बसवून पुन्हा सगळं विचारू, असं मी ठरवलं. पलीकडून फक्त खरखर. वहीत मी "६.२०" लिहिलं आणि पुढची जागा कोरी सोडली.

सकाळी पावणेसातलाच मी बटण सोडून बसले. डोकं दुखलं नाही. सात वाजले, सव्वासात, साडेसात. मी माझा नियम मोडून हाक मारली. "शेत, शेत, घर बोलतंय." मग नुसतं त्यांना हाक मारावी तसं "अहो" म्हटलं. शिंदे मध्ये बोलले नाहीत, पण ते ऐकत होते हे मला माहीत होतं. आठला दाराशी मोटरसायकल थांबली. रामसेवक पायरीवर उभा होता, गमछा डोक्यावरून काढून हातात घेतलेला. "बाईसाब," म्हणाला. पुढचं त्याला सांगावं लागलंच नाही.

आबा झोपेत गेले. त्या रात्री त्यांनी खाट खळ्यावर नेली होती, गव्हाच्या ढिगाशेजारी. डॉक्टर नंतर म्हणाले की आदल्या संध्याकाळी कुणालाही काही कळलं नसतं. तुमचे बाबा अजून मला हेच सांगतात. ते दोघंही चांगल्या मनाने बोलतात आणि कदाचित बरोबरही असतील. पण मी आवाज मागितला होता, आणि त्या संध्याकाळचा आवाज माझ्यापर्यंत येऊन दारातून परत गेला. त्यात थकवा होता का, श्वास लागत होता का, हे मी सांगू शकले असते. कदाचित सांगू शकले नसते. या दोन वाक्यांच्या मध्ये मी सहा वर्षं बसले आहे.

तेराव्यानंतर, घर रिकामं झालं तेव्हा, मी शिंद्यांना विचारलं की तुम्ही काय काय ऐकलंत. ते म्हणाले, "थ्रेशर म्हणाले, उद्या म्हणाले. बाकी खरखर, वहिनी. देवाशप्पथ." ते माझ्या डोळ्यांकडे न बघता बोलत होते. "मी सांगितलं होतं," असं त्यांनी कधीही म्हटलं नाही.

मग राहिला रामसेवक. वीस मिनिटं तो विहिरीजवळच्या खोलीत, सेटसमोर, आबांच्या शेजारी विडी ओढत बसला होता. त्याने प्रत्येक शब्द ऐकला होता, आणि त्याला त्यातलं काही कळलं नव्हतं, कारण आबा माझ्याशी मराठीत बोलत होते. म्हणून ही हकीकत मराठीत लिहिते आहे, मुलांनो. ज्या भाषेत ते बोलले, ती त्या शेतावर दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.

मे महिन्यात तो वाट्याचा गहू घेऊन आला. पोती आत लावून झाली, मी त्याला सरबत दिलं आणि विचारलं. तो पायरीवर बसला, पेला दोन्ही हातांत धरून.

"बहुत देर लौ बोलत रए, बाईसाब. बोलत ते, फिर मसीन से कान लगात ते, फिर बोलत ते."

"तकलीफ में थे?"

"नईं. तकलीफ वाली बोली हम चीन्हत हैं. ऐसें बोल रए ते जैसें किस्सा सुना रए होंय."

"क्या किस्सा?"

"हम का जानें, मराठी हती." त्याला वाईट वाटत होतं, जणू न शिकलेला धडा विचारला होता. मग तो म्हणाला, "बीच में बिटिया को नाओं आओ, तन्वी. फिर ओजस भैया को. जे दो नाओं हम चीन्ह गए, फोटो वाले. फिर कछू और कई, फिर ओजस भैया को नाओं फिर सें."

मी त्याला विचारलं, माझा आवाज आला होता का. शेवटी.

"आओ तो. साफ आओ." तो जमिनीकडे पाहून हसला. "कक्काजू बहुत हँसे. हमने पूछी, का भओ? कन लगे, मास्टरनी ने कछू नईं सुनो, झूठ बोल रईं. आज दवाई की नईं पूछी. फिर कई, चलो, भुनसारें सात बजे फिर सें सुना देहैं."

त्याची बोली तुम्हाला कळणार नाही, म्हणून लिहिते. आबा त्रासात नव्हते, किस्सा सांगावा तसं बोलत होते. माझा आवाज त्यांना स्पष्ट आला आणि ते खूप हसले. म्हणाले, मास्तरीणबाईने काही ऐकलेलं नाही, खोटं बोलते आहे, आज गोळीचंसुद्धा विचारलं नाही. असू दे, सकाळी सातला पुन्हा सांगेन.

रामसेवक गेल्यावर मी त्याचा पेला विसळून ठेवला. इतके दिवस मला वाटत होतं की मी त्यांना फसवून पाठवलं. तसं झालं नव्हतं. पण ते काय पुन्हा सांगणार होते, हे आता जगात कुणालाच माहीत नाही.

सेट अजून तिथेच आहे, जेवणाच्या खोलीत. चौकोनी बटण मी त्यानंतर कधी दाबलेलं नाही. कामवाली म्हणते, आंटीजी, इसको बंद कर दूँ, कान खाता है. मी नको म्हणते. संध्याकाळी सहाला शिंदे एकदा हाक मारतात आणि मी उत्तर देते. आम्ही हवेबद्दल बोलतो, त्यांच्या सुनेबद्दल बोलतो. कधी कधी दूरचा कुणी अनोळखी माणूस खरखरीच्या तळाशी बोलत असतो. शब्द लागत नाहीत, तरी मी हातातलं काम ठेवून त्याचं बोलणं संपेपर्यंत बसते.

ओजस, तुझ्या दोन चित्रांतला डावीकडचा घे, गोल बटणवाला. घरच्या सेटाचं सगळं मोठेपण ऐकण्यात असतं, तबकडी किती सुंदर आहे ते पाहू नकोस. अँटेना जमेल तेवढी उंच लाव. दुसऱ्याची बॅटरी उतरत असेल तर ते दोन दिवसांवर टाकू नकोस, आणि ठरलेल्या वेळी हाक आली नाही तर नियम न पाहता आपण आधी हाक मार. बटण खरखर अगदी थांबेल तिथे न्यायचं नाही, थोडी राहू द्यायची. सवय होते.

आबा त्या संध्याकाळी तुमच्याबद्दल काय बोलले ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. फोटोच्या समोर बसून बोलत होते, एवढं नक्की. त्या वीस मिनिटांतलं आज शिल्लक आहे ते इतकंच. तन्वीचं नाव एकदा, ओजसचं दोनदा, आणि शेवटी ते खूप हसले.